मैदानाच्या कडेला उभी असलेली मुले

शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या तासाविषयी दैनिकाच्या पहिल्या पानावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात येईल. राज्यापुढे याहून निकडीचे प्रश्न आहेत, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु ज्या सामाजिक न्यायाच्या गोष्टी आपण व्यासपीठांवरून बोलतो, तो न्याय किंवा त्याचा अभाव आपल्या मुलांना प्रथम कोठे भेटतो, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. गणितातील उणीव वहीच्या पानांत झाकून राहते. मैदानावर मात्र कोण धावतो, कोणाला धाप लागते, कोणाच्या पायांत बूट नाहीत आणि कोणाला आपल्या बाजूला घ्यायला कोणीच तयार नाही, हे साऱ्या वर्गाच्या डोळ्यांदेखत उघड होते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील समतेचा धडा मूल परीक्षेपुरता पाठ करते. मैदानावरचा धडा त्याच्या अंगवळणी पडतो.

कागदोपत्री या विषयाची प्रतिष्ठा अलीकडे पुष्कळ वाढली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर असा भेदच नको असे म्हटले, २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शारीरिक शिक्षणाला भाषा-गणिताच्या पंक्तीत बसविले आणि महाराष्ट्रात जून २०२५ पासून नवा अभ्यासक्रम पहिलीच्या वर्गापासून सुरू झाला. हे स्वागतार्हच आहे. पण पंक्तीत पान मांडले म्हणजे वाढले गेलेच असे नाही. सहामाही जवळ आली की गणिताचे किंवा विज्ञानाचे शिक्षक ‘पी. टी.’चा तास मागून घेतात आणि क्रीडाशिक्षक तो मुकाट्याने देऊन टाकतात, हा अनुभव बहुतेक शाळांत जुनाच आहे. आमची तक्रार मात्र बुडालेल्या तासापुरती नाही. जो तास होतो, त्याविषयी अधिक आहे.

त्या तासाला काय घडते? शिक्षक दोन तरबेज मुलांना पुढे बोलावतात आणि भिडू निवडायला सांगतात. एकेक नाव पुकारले जाते. पहिली पाचसहा नावे उत्साहाने, पुढची हिशेबाने आणि शेवटची दोनतीन ‘हा तूच घे’ अशा उदार भावाने. जाड मुलगा, चष्मा लावणारी मुलगी, नुकताच दुसऱ्या गावाहून आलेला, ज्याची बोली ऐकून बाकीचे हसतात असा विद्यार्थी, ही मंडळी अखेरपर्यंत उभी. आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षे हा जाहीर लिलाव चालतो. त्यातून दोन प्रकारच्या मनोवृत्ती तयार होतात. निवडल्या जाणाऱ्याला आपले अग्रस्थान निसर्गदत्त वाटू लागते, आणि वगळला जाणारा आपली जागा कडेलाच आहे असे मनाशी धरून चालतो. दुसरी वृत्ती आम्हांला पहिलीहून अधिक चिंताजनक वाटते. ‘मला खेळायला आवडतच नाही’ असे सांगणाऱ्या मुलाला ते न आवडायला आपण कसे शिकविले, याचा विचार कोणी करीत नाही.

मुलांचा स्वभावच असा निर्दय असतो, त्याला शाळा काय करणार, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांना आमचे उत्तर आहे की मुले आपापली खेळत असत, तेव्हा ती याहून शहाणी होती. हुतुतू किंवा विटीदांडूचा डाव मांडताना सारख्या जोराची दोन दोन मुले बाजूला जाऊन गुप्त नावे घेत. मग जोडीने पुढे येऊन ‘चंद्र हवा की सूर्य’ असे विचारीत आणि गड्याला माणूस न निवडता नाव निवडावे लागे. बाजू समतोल पडत, आणि शेवटी उरण्याची नामुष्की कोणाच्याच वाट्याला येत नसे. अगदी लहानग्याला ‘कच्चे लिंबू’ करून डावात घेत. तो बाद होत नसे, पण खेळत असे. हे लिंबूपण कायमचे नव्हते, वर्ष-दोन वर्षांत ते संपे. गल्लीतल्या पोरांनी कोणत्याही परिपत्रकावाचून जे साधले, ते प्रशिक्षित शिक्षक आणि छापील अभ्यासक्रम हाताशी असून शाळांना साधू नये, हा दोष मुलांच्या स्वभावाचा कसा म्हणावा?

‘खेळ आपोआप समता शिकवतो’ हा याच्या उलट टोकाचा गोड समज. त्याचे खंडन आपल्याच इतिहासात आहे. बाळू पालवणकर हे त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेले असामान्य गोलंदाज. पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखता राखता ते पुढे आले आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. त्यांच्या हातचा चेंडू संघातील उच्चवर्णीय सहकाऱ्यांना चालत होता. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळे. हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. १९२० साली विठ्ठल व शिवराम या त्यांच्या बंधूंनी अन्यायाचा निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले, पुष्कळ चर्चा झाली, आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. एकत्र खेळल्याने जे वर्षानुवर्षांत घडले नव्हते, ते रीत बदलण्याचा आग्रह धरल्यावर घडले.

आजच्या शाळेत मातीचे भांडे नाही, पण पांढरा गणवेश आहे. शनिवारी पांढरा सदरा आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून न येणाऱ्याला कवायतीच्या रांगेतून बाहेर काढण्याची प्रथा अनेक शाळांत शिस्तीच्या नावाखाली चालते. शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांतून खाजगी शाळेत आलेल्या मुलाचे शुल्क माफ होते. परंतु आठवड्यातून एका दिवसापुरत्या बुटांचा वेगळा जोड त्याच्या घरी असेलच असे नाही. त्याला रांगेबाहेर उभे करणाऱ्या शिक्षकाच्या मनात दुष्टावा नसतो. रांगेत उभ्या असलेल्या मुलांना मात्र ‘हा आपल्यातला नव्हे’ एवढेच कळते, आणि त्या क्षणी त्यांचे सामाजिक शिक्षण पूर्ण होते.

मुलींची गोष्ट याहून जुनी आहे. सातवी-आठवीपर्यंत मुलांच्या बरोबरीने लंगडी घालणारी मुलगी पुढच्याच वर्षी मैदानाच्या पायरीवर मैत्रिणींसह गप्पा मारताना दिसते, आणि आपण म्हणतो, तिची आवड बदलली. कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृहात पाणी नाही, मासिक पाळीच्या दिवसांत सवलत कशी मागावी हे तिला कळत नाही आणि द्यावी कशी हे गुरुजींना कळत नाही. यात तिच्या आवडीचा प्रश्न येतोच कोठे? जागतिक आरोग्य संघटनेच्या शास्त्रज्ञांनी १४६ देशांची पाहणी करून २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार ११ ते १७ वयाच्या मुलांपैकी ८१ टक्क्यांना पुरेसा व्यायाम घडत नव्हता. मुलांत हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींत ८५. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक उचलला, तेव्हा घरोघर टाळ्या वाजल्या. त्यांतल्या किती घरांत मुलीला दहावीचे कारण सांगून मैदानावरून परत बोलावले गेले होते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

अपंग विद्यार्थ्याच्या हाती आपण बहुधा गुणफलक देतो. हेतू चांगला असतो. त्यालाही सामील करून घेतल्याचे समाधान मिळते. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळांकडून खेळाची इतरांच्या बरोबरीची संधी अपेक्षिली आहे, गुणलेखकाची नेमणूक नव्हे. युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. त्या सांगलीकडच्या माणसाच्या हाती कोणी नुसता गुणफलक देऊन ठेवला असता तर?

यावर ठरलेला आक्षेप येतो, की साऱ्यांना खेळवत बसलात तर अव्वल खेळाडू घडणार कसे? १९८८ साली आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तिचा आम्हांलाही अभिमान आहे. ढाली असाव्यात, चुरस असावी, निवड समित्याही असाव्यात. पण त्यांची जागा शाळा सुटल्यानंतरच्या सरावात आहे. वेळापत्रकातला तास हा सर्व मुलांच्या मालकीचा. अकरा जणांच्या तयारीसाठी तो वापरणे म्हणजे ग्रंथालयाचे सारे पैसे पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याच्या पुस्तकांवर खर्च करणे होय. शिवाय कोणते खेळ निवडायचे हेही आपल्या हातात आहे. खो-खोत एकट्याच्या बळावर पाठलाग साधत नाही, पाटीवर बसलेल्यांना उठावेच लागते; साहित्य म्हणाल तर दोन खांब आणि थोडी फक्की. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ अजिंक्य ठरले आणि दोहोंचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. तरीही शहरातल्या नामांकित शाळांच्या माहितीपत्रकांवर आपल्याला दिसतात ती टेनिसची रॅकेटच!

कायद्याकडे पाहावे तर तोही अर्धवट. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत मैदान आहे, त्याचा आकार नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांना शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक आहे, पण पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच. म्हणजे वाडीवस्तीवरच्या लहान शाळेत तो नसला तरी कायद्याचा भंग होत नाही. मैदानाशिवाय शाळा असूच शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हरियाणातील एका प्रकरणात बजावले. मुंबई-पुण्यात मात्र सातव्या मजल्याच्या गच्चीला मैदान म्हणण्याची सोय आपण लावून घेतली आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण पालक आहेत, म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. मुलाला संध्याकाळी महिना काही हजार रुपये भरून जलतरणाला किंवा टर्फवर पाठवायचे, आणि शाळेतल्या तासातून सूट मिळावी म्हणून डॉक्टरांचा दाखला आणायचा, हा शिरस्ता आपल्याच वर्गाने पाडला आहे. ज्यांच्या तक्रारीची दखल मुख्याध्यापक घेतात, त्यांनीच पाठ फिरविल्यावर तो तास सुधारावा असे कोणाला वाटणार? ज्यांच्या मुलांना दुसरे मैदान नाही, त्यांना पालकसभेला यायला सवड नसते.

शिक्षण खात्याने करण्याजोगे काम खर्चाचेही नाही. शारीरिक शिक्षणाची श्रेणी आज पुष्कळ ठिकाणी कार्यालयात बसून, साऱ्या वर्गाला सरसकट, एकाच शाईने भरली जाते. ती मुलाच्या जूनमधल्या आणि मार्चमधल्या स्थितीची तुलना करून द्यावी; म्हणजे जे मूल एका फेरीत थकत होते आणि आता तीन फेऱ्या मारते, त्याच्या कष्टाची कोठेतरी नोंद होईल. बुटांवाचून कोणालाही रांगेबाहेर काढता येणार नाही, असे लेखी आदेश निघावेत. आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी मुख्याध्यापकांच्या दालनातील ढाली पाहून झाल्या की खेळाच्या तासाला स्वतः मैदानावर जावे, कडेला उभी असलेली मुले मोजावीत आणि तो आकडा शेऱ्याच्या वहीत लिहावा.