परक्या गावची चूल : ससा, जाळं आणि फेरेट

मैत्रिणींनो, इंग्लंडातल्या खेड्यातल्या हिवाळ्याबद्दल मागे लिहिलं, तेव्हा ओघात एक वाक्य येऊन गेलं होतं. आमच्या शेजारच्या बाई परसात फेरेट पाळतात आणि थंडीत त्यांच्या मदतीने ससे धरतात, असं ते वाक्य. त्यावर तुम्ही कितीतरी विचारलंत. फेरेट म्हणजे काय? चावतं का? बायका शिकारीला जातात का? आणि एका भगिनीने तर सरळच विचारलं, "तुम्हांला दया नाही का हो आली?" हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. त्याचंही उत्तर देते, पण आधी बाकीचं सांगून घेऊ द्या.

ज्या शाकाहारी आहेत त्यांनी लगेच पान उलटू नये, बरं का! यात मारण्यापेक्षा सांभाळण्याचा भाग मोठा आहे, आणि तो आपणां सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

फेरेट म्हणजे काय?

दिसायला आपल्या मुंगसासारखं. लांबोडकं अंग, आखूड पाय, टोकदार नाक. पण नात्याने ते मुंगसाचं कोणी नव्हे, पाणमांजराच्या कुळातलं. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानजनावराला माणसाने पिढ्यान् पिढ्या पाळून हे घरचं केलं. बेलिअरिक बेटांवर सशांनी उच्छाद मांडला होता आणि त्यांना धरायला असा प्राणी बिळात सोडत, असं रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकातच लिहून ठेवलं आहे. मादीला 'जिल' म्हणतात, नराला 'हॉब'. नर मादीच्या जवळजवळ दुप्पट असतो. बिळात धाडायला बहुतेकजण चपळ, लहानखुरी जिल पसंत करतात, आणि त्यातही पांढरी. झुडपाखालून निघाली तरी चटकन दिसते म्हणून.

इंग्लंडात ससाही मूळचा नाही. नॉर्मन लोकांनी बाराव्या शतकाच्या सुमारास तो मांसासाठी आणि कातड्यासाठी आणून राखीव माळांवर वाढवला. आम्ही राहतो त्या नॉरफोक परगण्यात जमीन वाळवट, बिळं करायला सोयीची. थेटफर्ड गावाजवळ सशांच्या रखवालदाराचं दगडी दुमजली घर आहे, इ. स. १४०० च्या सुमाराचं. अजून उभं आहे! ससा तेव्हा एवढा मोलाचा होता, की १३९० च्या एका कायद्याने वर्षाला चाळीस शिलिंगांहून कमी उत्पन्नाची जमीन असणाऱ्याला फेरेट किंवा जाळी ठेवायलाच बंदी होती. पुढे ससे माळ सोडून शेतात घुसले आणि पाहुण्याचे चोर झाले. अखेर १८८० च्या कायद्याने कुळांना आपल्या शेतातले ससे मारायचा हक्क मिळाला.

शेजारच्या बाई ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आईच्या वेळी दुसरं महायुद्ध आलं. १९४० पासून १९५४ पर्यंत या देशात मांस रेशनवर होतं, ससा मात्र रेशनबाहेर. ज्या घरी फेरेट, त्या घरी रविवारी रस्सा! मग १९५३ साली मिक्झोमॅटोसिस नावाचा सशांचा रोग आला आणि दोनेक वर्षांत शंभरातले पंच्याण्णवहून अधिक ससे मेले. तेव्हा पुष्कळांनी फेरेट पाळणं सोडलं. बाईंच्या आईने सोडलं नाही, आणि लेकीनेही नाही.

आधी सांभाळ, मग शिकार

मला एकदा शिकारीला यायचंय, असं मी म्हटलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "पोरी, आधी महिनाभर त्यांचं खाणंपिणं कर. मग बघू." तेव्हा ऑक्टोबर चालू होता. रोज सकाळी मी त्यांच्या परसात जाऊ लागले.

लाकडी खुराडं, एका बाजूला जाळी, दुसऱ्या बाजूला कोरडं गवत भरलेली अंधारी झोपायची खोली. दिवसातला बहुतेक वेळ ही मंडळी झोपलेली. नैसर्गिक विधी एकाच कोपऱ्यात करतात, त्यामुळे तो कोपरा रोज साफ केला की बाकीचं स्वच्छ राहतं. अंगाला उग्र वास असतो, तो कितीही केलं तरी थोडा राहतोच. पूर्वी लोक फेरेटला दूध-पाव घालत. ते चुकीचं. हा पक्का मांसाहारी प्राणी. त्याला मांसच लागतं, हाडाकातड्यासकट असेल तर उत्तम. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर याला झाला तर जगत नाही, म्हणून त्याची लस टोचून घ्यावी लागते. आणि गंमत अशी, की माणसाचा फ्लू याला होतो! १९३३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांना फ्लूचा विषाणू सापडला तो फेरेटमुळेच. घरात कुणाला फ्लू झाला, की बाई त्या माणसाला खुराड्याजवळ फिरकू देत नाहीत.

आता एक गोष्ट जी ऐकून मी गप्प झाले. वसंतात जिल माजावर येते आणि नराशी संबंध आला नाही तर तो माज आपोआप उतरत नाही. आठवडेच्या आठवडे तसाच राहतो, अंगातलं रक्त तयार होणं मंदावत जातं, आणि उपाय केला नाही तर ती मरू शकते. त्यावर दोन तोडगे. डॉक्टरांकडून इंजेक्शन, किंवा नसबंदी केलेला नर जवळ ठेवायचा. होय, नसबंदी! तो शब्द इथे असा भेटेल असं वाटलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "हिवाळ्यात चार ससे मिळतात म्हणून लोक फेरेट आणतात आणि उन्हाळ्यात विसरून जातात. विसरणाऱ्याने आणूच नये."

धरायचं कसं, हेही शिकावं लागतं. वरून झडप घातली की ते घाबरतं आणि चावतं. न दचकवता, खांद्यांभोवती बोटं घालून उचलायचं, मागचं अंग दुसऱ्या हातावर तोलायचं. आठ दिवसांत माझ्या हाताचा वास त्यांच्या ओळखीचा झाला.

बटव्यासारखं जाळं

शिकारीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत. झुडपं वाळून बिळांची तोंडं दिसू लागतात, आणि बिळात पिल्लं जवळपास नसतात. पिल्लं असली की फेरेट आतच मारून खातं, तिथेच झोपी जातं आणि बाहेर यायचं नावच घेत नाही.

आम्ही गेलो तो जानेवारीतला दिवस. शेतकऱ्याने बोलावलं होतं, कारण बांधालगतचा गहू सशांनी खुरटून टाकला होता. जमीनमालकाच्या परवानगीवाचून इथे कुणी बिळाला हात लावत नाही. वारा नाही, दव गोठलेलं, सगळं निःशब्द. गाडीतून उतरल्यावर बाईंनी तोंडावर बोट ठेवलं ते शेवटपर्यंत. माणसाच्या पावलांचा धमक बिळात पोचला, तर ससा फेरेटच्या तोंडी जाईल पण बाहेर यायचा नाही.

जाळं कसं असतं सांगू? आपल्या आजीचा चंचीबटवा आठवा. तोंडाला ओवलेली दोरी, दोरीच्या टोकाला लाकडी खुंटी. बिळाच्या तोंडावर जाळं पसरायचं, काटक्या बाजूला सारायच्या, खुंटी वरच्या अंगाला घट्ट ठोकायची. ससा वेगाने आत शिरला की त्याच्याच जोराने दोरी आवळते आणि बटवा बंद! एका बांधावर आम्ही चौदा जाळी लावली. एकही तोंड सुटून चालत नाही. ससा नेमका तिथूनच जातो.

मग जिलच्या गळ्यात पट्टा घातला. त्यात एक छोटंसं यंत्र असतं, ती जमिनीखाली कुठे आहे ते वरच्या यंत्रावर टिकटिक वाजून कळतं. पूर्वी हे नव्हतं. तेव्हा आडून बसलेल्या फेरेटमागे दोरी बांधलेला हॉब सोडत आणि दोरीच्या मागाने खणत जात.

ती आत गेली. मग काहीच नाही! पाच मिनिटं, दहा मिनिटं. वाट पाहणं हीच या कामातली मुख्य कला. एकाएकी पायाखाली धप् धप् असं जाणवलं. ससे धोक्याची खूण म्हणून मागचे पाय आपटतात, ते. आणि लगेच दुसऱ्या टोकाचं जाळं उसळलं.

दया आली का?

पहिले दोन ससे बाईंनी हाताळले. जाळ्यातला ससा जखमी नसतो. पूर्वी इथे दात असलेले लोखंडी सापळे लावत, त्यांत तो पाय अडकून तासन् तास पडून राही. ते सापळे १९५८ साली कायद्याने बंद झाले. जाळ्यात फक्त तो भ्यालेला असतो, आणि त्याचं भ्यालेपण किती वेळ चालायचं ते आपल्या हातात असतं. मान एका झटक्यात, नेमक्या जागी. बाईंनी मला आदल्या आठवड्यात मेलेल्या सशावर चारपाच वेळा ते करायला लावलं होतं. तिसरा ससा माझ्यासमोरच्या जाळ्यात आला. मी केलं. दोनतीन सेकंद लागले असतील. त्यानंतर हात थरथरले, ते मात्र बराच वेळ.

दया आली, मैत्रिणींनो. पण त्या क्षणी दया येऊन हात मागे घेतला असता, तर सशाचे हाल वाढले असते. दयेचा विचार घरून निघण्याआधी करायचा. आपल्याला हे जमणार नसेल तर जाऊ नये. त्यात कमीपणा काही नाही. मात्र गेलं तर अर्धवट करू नये. आणि जी बाजारातून सोललेलं, कापलेलं मांस आणते, तिच्यासाठी हे काम दुसरं कुणीतरी करतच असतं, एवढं मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं.

दुपारी साडेतीनला इथे उजेड उतरू लागतो. जिल बाहेर येईना. यंत्र एकाच जागी टिकटिकत होतं. बाईंनी फावडं घेतलं, पण वाळवट जमीन. घाईने खणलं तर सगळं ढासळून ती खाली गुदमरायची. मग शेवटची माती दोघींनी हातांनी उकरली. तीन फुटांवर बीळ लागलं. एका बंद पोकळीत ससा पाठ करून बसला होता आणि ती त्याची लोकर ओरबाडत होती. बाईंनी आधी तिला उचललं, कोटाच्या आत छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "चला, आता घरी." ऐंशीच्या घरातल्या त्या बाई गुडघ्यांवर तासभर होत्या! सशांसाठी त्यांनी एवढं केलं नसतं.

स्वयंपाकघरात

ससा लवकर साफ करावा. पोट जितका वेळ तसंच राहील तितकी चव बिघडते. काळीज, म्हणजे यकृत, नीट पाहावं. त्यावर पांढरे ठिपके दिसले तर तो ससा टाकून द्यावा. डोळे सुजलेला ससाही घेत नाहीत. रानसशाच्या मांसात चरबी जवळजवळ नसतेच, म्हणून ते मंद आचेवर, बऱ्याच पाण्यात, दीडदोन तास शिजू द्यावं लागतं. बाई कांदा, गाजर, सातू आणि थोडी डुकराची चरबी घालतात. मी कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण लावलं. त्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि नाक पुसत राहिल्या! हाडं बारीक असतात, मुलांना वाढताना जपावं.

पहिल्यांदा जाणारीसाठी

१. आधी फेरेट सांभाळायला शिका, शिकार नंतर.
२. सगळी जाळी लागल्याशिवाय फेरेट सोडू नका. दोन सुटी जाळी खिशात असू द्या.
३. एक ससा काढताना त्या तोंडावर पाय ठेवा, दुसरा मागोमाग येतो.
४. फेरेट बाहेर आलं की ओढू नका. पूर्ण बाहेर येऊ द्या. नाहीतर पुढल्या खेपेला तोंडाशीच घुटमळतं.
५. अंधार पडूनही ते आलं नाही, तर त्याची पेटी त्याच्याच गवतासकट बिळापाशी ठेवा आणि पहाटे परत जा. बहुधा पेटीत झोपलेलं सापडतं.

आता इकडचं. आपण मराठीत ज्याला ससा म्हणतो, तो आपला रानससा वेगळा. तो बीळ खणत नाही, गवतात दबा धरून बसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याची शिकार हा गुन्हा आहे. फेरेटला आपला उन्हाळाही सोसणार नाही, तीस अंशांपुढे त्याला उष्माघात होतो. तेव्हा घरातल्या हौशी मंडळींनी हे वाचून काही मनात आणलं, तर त्यांना तेवढं सांगा!

इंग्लंडातही ससे पूर्वीसारखे राहिले नाहीत. नव्या रोगांनी गेल्या काही दशकांत त्यांची संख्या पुष्कळ घटली आहे. म्हणून बाई आता शेतकऱ्याने बोलावलं तरच जातात, आणि एका बांधावर वर्षातून एकदाच. उरलेले अकरा महिने मात्र खुराडं रोज साफ होतं, पाणी रोज बदललं जातं. त्याला सुट्टी नाही. घरच्या कामाला कुठे असते?