स्वस्त प्रवासाची किंमत

कमी खर्चात, अनोळखी वाटेने केलेला प्रवास निसर्गाला बाधत नाही, असा समज रूढ आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. थायलंडमधील माया बे हा एकेकाळी फारसा परिचित नसलेला सागरकिनारा. २००० साली एका चित्रपटामुळे तो जगभर गाजला. पुढे तेथे दररोज हजारो पर्यटक येऊ लागले. नौकांच्या नांगरांनी प्रवाळांची हानी झाली आणि २०१८ मध्ये किनारा बंद करावा लागला. तो पुन्हा खुला झाला २०२२ मध्ये, पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालूनच.

नागालँडमधील खोनोमा या अंगामी नागांच्या गावाने मात्र मर्यादा आधीच आखली. शिकारीची परंपरा असूनही १९९८ मध्ये गावाने आपले जंगल राखीव केले व तेथे शिकारीला बंदी घातली. येथे पाहुणा गावकऱ्यांच्याच घरी उतरतो, त्यांच्याच पंक्तीला जेवतो. त्याचा खर्च बेताचा होतो. परंतु तो पैसा गावातच राहतो आणि जंगल राखण्याला बळ मिळते.

प्रवाशाने पैसा जरूर वाचवावा. त्याचा भार मात्र यजमानाच्या पाण्यावर व रानावर टाकू नये. अनवट वाट शोधण्यापेक्षा ती जपणे अधिक कठीण असते.