किल्ली मात्र पुरवठादाराच्या हाती

अमेरिकी सरकारी खात्यांच्या संगणकजाळ्यात परवलीचा शब्द देऊन एकदा आत शिरलेल्याला पुढे फारसे कोणी हटकत नसे. २०१५मध्ये उघडकीस आलेल्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातील चोरीत हॅकर घुसले ते कंत्राटदाराच्या ओळखीनेच. तब्बल २ कोटी १५ लाख लोकांची माहिती गेली. जानेवारी २०२२मध्ये खात्यांवर ‘झीरो ट्रस्ट’ धोरण बंधनकारक झाले. माणूस आणि यंत्र, दोहोंची पडताळणी वारंवार करायची. मुदत होती सप्टेंबर २०२४ची. तीनच महिन्यांनी अर्थखात्याच्या संगणकांत घुसखोरी झाल्याचे उघड झाले! दूरस्थ तांत्रिक साहाय्य देणाऱ्या कंपनीची डिजिटल किल्ली चोरीस गेली होती. कर्मचाऱ्यांच्या दुहेरी पडताळणीवर भर देणाऱ्या धोरणाचा कच्चा दुवा हाच: बाहेरच्या कंपनीला विश्वासाने दिलेला प्रवेश.