मैदानावर लेन्स, डॉर्ममध्ये चष्मा

आमच्या हाउसमध्ये चौदा जणांना चष्मा आहे. संध्याकाळी गेम्सच्या फॉल-इनला मात्र चष्मा घातलेले तीन-चारच दिसतात. बाकीच्यांचा नंबर पाच वाजता आपोआप उतरतो असं काही नाही. काही जण चष्मा लॉकरमध्ये ठेवून अंदाजाने खेळतात आणि पास चुकला की शिव्या खातात. काही जण लेन्स घालतात. त्यांतला एक मी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खेळणाऱ्या कॅडेटने लेन्स जरूर घ्याव्यात, पण मैदानापुरत्या, आणि एकदा वापरून टाकून द्यायच्या. बाकी दिवसभर चष्माच बरा. हे मत मला फुकटात मिळालेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी गोलकीपर. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस पावणेदोन, डाव्याचा मायनस दोन. चष्म्याशिवाय मला समोरचा स्ट्रायकर दिसतो, पण त्याचा पाय बॉलला कुठे लागला ते दिसत नाही, आणि कीपरला नेमकं तेच दिसायला हवं. नववीत मी चष्म्याला मागून रबरी पट्टा बांधून खेळायचो. घामाने काचा धुरकट व्हायच्या. एकदा जवळून मारलेला बॉल तोंडावर बसला, फ्रेम तुटली आणि नाकावर टाके पडले. माझे बाबा सांगलीला एसटीत वाहक आहेत. तिथून इथे राजस्थानात नवा चष्मा पार्सलने यायला बारा दिवस लागले. ते बारा दिवस फळ्यावरचं काहीच दिसत नव्हतं.

म्हणून दहावीच्या सुट्टीत गावाकडच्या एका चष्म्याच्या दुकानातून महिनाभर वापरायच्या लेन्स घेतल्या. दुकानदाराने चष्म्याचा कागद पाहिला आणि जोडी हातात ठेवली. डोळ्याचं माप घेतलं नाही. तेव्हा मला हे ठाऊकच नव्हतं की लेन्सला नंबराबरोबर वक्रता आणि व्यासही असतो, पाकिटावर ८.६, १४.२ असे जे आकडे असतात ते त्याचेच. बुटाचं माप न घेता बूट घेतल्यासारखं झालं. ती जोडी तासाभराने डोळ्यात खडा गेल्यासारखी टोचायची. मला वाटायचं, लेन्स म्हटल्यावर एवढं तर होणारच.

आता दुसरी चूक, जी माझी स्वतःची आणि जास्त मोठी. महिन्याची जोडी साधारण सहाशे रुपयांना पडायची. सोल्युशनची बाटली साडेतीनशेला. आठवड्यातून दोनदाच मॅच, म्हणजे महिन्यात आठ वेळा लेन्स लागते. तेव्हा तीस दिवसांची जोडी तीन महिने सहज पुरेल असा हिशेब मी केला. सोल्युशन वाचवायला डबीतलं जुनं ओतून न देता त्यातच थोडं नवं घालायचो. डबी बेसिनच्या नळाखाली धुवायचो. या तिन्ही गोष्टी वाचताना हसू आलं असेल तर आपापल्या लॉकरमधली डबी एकदा काढून बघा.

गेल्या जानेवारीत इंटर-हाउसच्या सेमीफायनलनंतर उजवा डोळा लाल झाला. दुसऱ्या दिवशी उजेड सहन होईना, सारखं पाणी यायला लागलं. मी एम.आय. रूमला गेलो नाही. एक तर फायनलच्या टीममधून नाव कटेल ही भीती, आणि दुसरी भीती एनडीएची. डोळ्याची तक्रार कुठे लिहिली गेली तर पुढे ती आडवी येईल, असं आमच्या डॉर्ममध्ये सगळेच एकमेकांना सांगत असतात. तिसऱ्या दिवशी पीटीच्या शिटीला डोळा उघडलाच नाही.

शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, जखम होऊन तिथे जंतू वाढले आहेत. त्यांनी माझी लेन्स आणि डबी दोन्ही तपासणीला पाठवली. मग तासातासाला थेंब, दिवसा आणि रात्रीही. बाबा रजा टाकून आले. दोन दिवस ते कॉटशेजारी मोबाइलवर दर तासाचा गजर लावून बसले होते. पैशांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "दुखत होतं तर दोन दिवस गप्प का बसलास?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

डोळा बरा झाला. नजर होती तेवढीच राहिली, पण कॉर्नियाच्या कडेला एक बारीक पांढरा डाग राहिला आहे. मध्यावर असता तर दिसण्यातच फरक पडला असता, असं डॉक्टर म्हणाले. मेडिकल बोर्डासमोर बसेपर्यंत तो डाग माझ्या डोक्यातून जाणार नाही.

त्या डॉक्टरांशी नंतर दोन-तीनदा बोलणं झालं आणि बऱ्याच गोष्टी स्वच्छ झाल्या. महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून एक महिना, मग ती आठ वेळा घाला नाहीतर तीस वेळा. नळाचं पाणी आपण पितो म्हणून ते लेन्सला चालतं असं नाही. टाकीच्या पाण्यात अकांथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सला चिकटून डोळ्यात गेला तर त्याचा आजार महिनोन् महिने रेंगाळतो. म्हणून लेन्स घालून आंघोळ नाही आणि पोहणं तर नाहीच. नुसतं सलाइनचं पाणी लेन्स धुतं, जंतू मारत नाही. आणि लेन्स घालून झोपायचं नाही, दुपारच्या रेस्ट अवरमध्येसुद्धा.

आता पैशांचं, कारण घरचे पहिला प्रश्न तोच विचारतात. रोजच्या रोज टाकायच्या लेन्स महाग, असं सगळे म्हणतात. रोज घालणाऱ्यासाठी ते खरं आहे. मला दोन डोळ्यांच्या मिळून एका वेळेला नव्वद रुपये पडतात, म्हणजे तीस दिवस घातल्या तर महिन्याला सत्तावीसशे. पण आम्ही रोज घालतच नाही. आमचा सीझन जवळपास चार महिन्यांचा, त्यात मॅच आणि मोठी प्रॅक्टिस धरून तीस वेळा. तेव्हा ते सत्तावीसशे माझ्या अख्ख्या सीझनचे होतात. महिन्याच्या लेन्स नियमाने वापरल्या असत्या तर चार जोड्यांचे चोवीसशे आणि सोल्युशनच्या दोन बाटल्यांचे सातशे, म्हणजे एकतीसशे. शिवाय डबी बदलायची ती वेगळी. दुकानदार स्वस्त म्हणून जी लेन्स पुढे करतो ती आपल्याला महाग पडते, आणि ती स्वस्तात वापरायला गेलं की काय होतं ते वर लिहिलंच आहे. एक मात्र लक्षात ठेवा. दोन डोळ्यांचा नंबर वेगळा असेल तर दोन बॉक्स घ्यावे लागतात. आणि सिलिंडर नंबर जास्त असेल तर टॉरिक लेन्स लागते, तिची किंमत आणखी वर जाते. बॉक्स घेण्याआधी ट्रायलची जोडी मागावी, ती घालून पळावं, उड्या माराव्यात. चांगली बसलेली लेन्स थोड्या वेळाने डोळ्यात आहे हेच विसरायला होतं.

खेळासाठी मऊ लेन्सच. कडक लेन्स आकाराने लहान असते, तिच्याखाली इथली वाळू शिरते आणि धक्का लागला की ती उडू शकते. मऊ लेन्सची कड पापण्यांच्या आत राहते. तिचा जन्मही मजेशीर आहे. ऑटो विख्तर्ले नावाच्या चेक रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याला सायकलचा डायनामो जोडून, पहिल्या मऊ लेन्स तयार केल्या. आमच्या हॉबी क्लबने याची नोंद घ्यावी.

लेन्स म्हणजे चिलखत नव्हे. हॉकीचा बॉल किंवा कोपर डोळ्यावर बसलं तर ती काहीच वाचवत नाही. सहावी ते आठवीच्या मुलांना तर मी लेन्स सुचवणारच नाही. त्यांच्यासाठी पॉलिकार्बोनेटच्या काचेचे, नंबर घातलेले स्पोर्ट्स गॉगल मिळतात. एडगर डेव्हिड्स हॉलंडसाठी असाच गॉगल घालून मिडफिल्डमध्ये धुमाकूळ घालायचा. आणि चष्म्याची लाज वाटणाऱ्यांनी नरेंद्र हिरवाणी आठवावा. १९८८ मध्ये मद्रासला पहिल्याच कसोटीत चष्मा लावून त्याने वेस्ट इंडीजचे सोळा बळी घेतले. कुंबळे चष्म्याकडून लेन्सकडे वळला, व्हेटोरी चष्म्यातच खेळत राहिला. बळी दोघांनीही काढले.

सरांना एक विनंती आहे. फॉल-इनला दोन मिनिटं उशीर झाला की पाच राउंड मिळतात, म्हणून मुलं मातीच्या हातांनी बेसिनपाशी उभ्या-उभ्या लेन्स घालतात. लेन्सवाल्यांना गेम्सआधी दहा मिनिटं आणि बेसिनपाशी साबण मिळाला तर खर्च फारसा नाही. एम.आय. रूममध्ये लेन्स घालणाऱ्यांची यादी असावी. लाल डोळा घेऊन आलेल्याला कोणी "बहाणा करतोस" म्हणू नये. मी बहाणा म्हटलं जाईल म्हणूनही गेलो नव्हतो.

आणि पालकांना. "चष्मा लावू नकोस, नंबर वाढेल" असं काही घरांतून सांगतात, तर काही जण "मेडिकलला लेन्स घालून जा, कळत नाही" असंही सुचवतात. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. आणि मेडिकलला लेन्स काढूनच उघड्या डोळ्याची नजर मोजतात. मशीनखाली लेन्सची कड स्वच्छ दिसते. जो नंबर आहे तो आहे. त्याच्यासाठी कोणत्या शाखेची दारं उघडी आहेत ते नोटिफिकेशन वाचून नववीतच बघून ठेवलं तर बारावीत रडावं लागत नाही.

या सीझनच्या माझ्या बॉक्समध्ये उजव्या डोळ्याच्या अकरा लेन्स उरल्या आहेत आणि डाव्याच्या नऊ. दोन लेन्स घालताना हातातून निसटून गोलपोस्टमागच्या वाळूत पडल्या, त्या तिथेच सोडून नव्या फोडल्या. शनिवारी फायनल आहे.