क्षयाचे औषध आणि न विचारलेला प्रश्न

क्षयरोगावरील औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात आणि औषधांना दाद देणारा क्षय साधारणतः सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो, ही सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची मोठीच जमेची बाजू होय. रिफाम्पिसिन हे प्रतिजैविक या उपचाराचा कणा आहे. परंतु रुग्णाची इतर औषधे, त्याचा आहार आणि जुने आजार यांच्याशीही या औषधाची गाठ पडते, याचा विचार पुरेसा होताना दिसत नाही.

रिफाम्पिसिनमुळे यकृतातील औषधांचे विघटन करणारी विकरे वाढतात. परिणामी इतर कित्येक औषधे शरीरातून लवकर नाहीशी होतात. गर्भनिरोधक गोळ्या नियमित घेऊनही गर्भ राहू शकतो; मधुमेहाच्या काही गोळ्या दुबळ्या पडतात. एचआयव्हीबाधितांना डोल्युटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदा न देता दोनदा द्यावी लागते. रक्त गोठू न देणाऱ्या वॉर्फरिनचा धोका तर दुहेरी आहे. रिफाम्पिसिन चालू असताना त्याची मात्रा वाढवावी लागते. ते बंद झाल्यावर काही आठवड्यांत विकरे पूर्ववत होतात. तेव्हा वाढीव मात्रा तशीच चालू राहिली, तर रक्तस्राव संभवतो.

भरल्या पोटी रिफाम्पिसिनचे शोषण घटते. सोबतच्या आयसोनियाझिड व पायराझिनामाइडचाही भार यकृतावरच पडतो. मद्यपी किंवा यकृताच्या रुग्णाला म्हणूनच अधिक जपावे लागते.

याबाबत नियम नाहीत असे नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीनुसार क्षयावरील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्याने ठेवावयाची असते. २०१५ च्या औषधव्यवसायविषयक विनियमांनी तर औषधांच्या परस्परक्रियांबद्दल रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम ठरविले. तथापि नोंदवहीत डॉक्टर, रुग्ण, औषध व त्याचे प्रमाण एवढेच येते. रुग्ण आणखी काय घेतो, याला तेथे रकाना नाही. क्षयाची गोळी एका दारातून, मधुमेहाची दुसऱ्या दारातून घेणाऱ्या रुग्णाचे संपूर्ण चित्र मग कोणापुढेच उभे राहत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. चालू असलेल्या सर्व औषधांची एकच यादी रुग्णाजवळ असावी आणि उपचाराच्या आरंभी व अखेरीस ती तपासली जावी. भीतीपोटी रुग्णाने परस्पर गोळ्या सोडणे हा मार्ग नव्हे. त्यातून औषधांना न जुमानणारा क्षय बळावतो. ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी औषध देणाऱ्याचीच आहे.