कारखानदार, शेजारगांव आणि दोन टक्के

आपल्या शिवारालगत एखाद्या मोठ्या कंपनीचा कारखाना उभा राहिला, कीं वर्षादोन वर्षांत गांवांत समारंभ होतो. वह्या वाटल्या जातात, शाळेच्या भिंती रंगविल्या जातात, छायाचित्रें निघतात, आणि गांवकरी आभार मानून घरीं जातात. या आभारांच्या मुळाशीं एक गैरसमज आहे. त्याचा विचार सभासद बंधूंनीं अवश्य करावा, अशी आमची विनंति आहे.

सन २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानें असें ठरविलें आहे, कीं आदल्या वर्षीं ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम लोकोपयोगी कामांवर खर्चावी, व तसें करतांना आपल्या आसपासच्या प्रदेशास प्राधान्य द्यावें. सबब हा खर्च दानधर्मांत मोडत नाहीं.

परंतु कोणतें काम करावें हें कंपनीचें संचालक मंडळच ठरवितें. ग्रामसभेस विचारलेंच पाहिजे असें हें कलम म्हणत नाहीं. तलावांतील गाळ काढणें निकडीचें असतां रंगविलेल्या भिंतीच पुन्हां रंगविल्या जातात, याचें कारण बहुधा इतकेंच, कीं गांवानें कंपनीस कांहीं सांगितलेलेंच नसतें. वास्तविक भागधारकांप्रमाणेंच शेजारचा शेतकरीहि कंपनीचा हितसंबंधी आहे. याच कायद्याचें १६६ वें कलम समाजाचें हित व पर्यावरणाचें रक्षण लक्षांत घेऊन वागण्याचें बंधन संचालकांवर घालतें.

दफ्तरांतील आमचा अनुभव असा, कीं तोंडी गाऱ्हाणें चावडीच्या पायरीवरच विरतें. आवक क्रमांक पडलेल्या अर्जास मात्र कोणास तरी उत्तर द्यावें लागतें. म्हणून आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वींच ग्रामसभेनें आपल्या गरजांचा क्रम लावून ठराव करावा, त्याची नक्कल कंपनीस देऊन पोंच घ्यावी, व मंजूर झालेलीं कामें कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून प्रत्यक्ष जागेवर ताडून घ्यावीं.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. ओढ्यांत सोडलेल्या घाण पाण्याची भरपाई वह्यांनीं होत नाहीं. तें पाणी रोखणें हें सन १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचें निराळें बंधन आहे. दोन टक्क्यांच्या मोबदल्यांत जें गांव त्याविषयीं मौन धरील, तें आपली जमीन फार स्वस्तांत विकून बसेल.