प्रकाशाला रजा देणारे

सापेक्षता शिकवायला प्रकाश लागतच नाही, असा शोध सध्या काही विद्वानांना लागला आहे. शोध १९१० सालचा, इग्नाटोव्स्कींचा. पण ते असो. म्हणणे असे: अवकाश-काळ सगळीकडे सारखे, कोणतीही दिशा लाडकी नाही, कोणतीही जडत्वीय चौकट मानकरी नाही. एवढ्यावर दोन चौकटींमधले रूपांतर शुद्ध तर्काने मिळते. मग १९०५ मध्ये आइन्स्टाइनने प्रकाशाचा वेग मध्ये आणलाच कशाला?

शुद्ध तर्काने काय मिळते? समीकरणे मिळतात, आणि त्यांत एक स्थिरांक मोकळा राहतो. त्याला 'क' म्हणू. क शून्य असेल तर गॅलिलिओचे रूपांतर: काळ सगळ्यांचा एकच, वेगांची बेरीज शाळेतली. क धन असेल तर लॉरेंट्झचे, आणि सोबत एक अलंघ्य वेग. क ऋण असेल तर पुढे जाणाऱ्या दोन वेगांची बेरीज कधी मागे जाणारी निघते. हा तिसरा पर्याय कार्यकारणाची अट घालून हाकलता येतो. ती अटही बाहेरूनच आणायची. गॅलिलिओ मात्र जागचा हलत नाही. दोनशे वर्षे ग्रहांचे आणि धूमकेतूंचे गणित क शून्य धरूनच चालले, तर्काने कधी हरकत घेतली नाही. म्हणजे मांडव पडला, पंगती उठल्या, नवरदेव कोण एवढेच ठरायचे आहे! हरकत घेतली प्रयोगांनी: १८८७ मध्ये मायकेलसन-मोर्ले, १९३२ मध्ये केनेडी-थॉर्नडाइक, १९३८ मध्ये आइव्ह्ज-स्टिलवेल. तिन्हींत मोजले काय? प्रकाशच. म्युऑन कणांच्या आयुर्मानावरूनही क काढता येतो, असे उत्तर येते. येतो की. पण तेही मापनच. शुद्ध तर्क कुठे राहिला?

प्रकाश हा विद्युतचुंबकत्वाचा विषय, अवकाश-काळाच्या पायात तो नको, असेही हे विद्वान म्हणतात. अहो, सापेक्षतेच्या तत्त्वाची अडचण तिथेच तर झाली होती. उद्या फोटॉनला वस्तुमान सापडले तरी रूपांतराची समीकरणे टिकतील, हे मात्र त्यांचे खरे.

प्रकाशाच्या बाजूचे लोकही कमी नाहीत. पसरत्या प्रकाशगोलाची दोन चौकटींतली समीकरणे लिहायची, दोन्हींतली राशी शून्य म्हणून ती सर्वत्र समान, असे ठोकून द्यायचे. शून्याला शून्य समान असतेच! रूपांतर रेषीय आहे आणि दोन्ही चौकटींचा दर्जा एक आहे, हे सांगितल्याशिवाय मोजपट्टीचा गुणक सुटत नाही.

मग शिकवायचे कसे? भौतिकशास्त्रज्ञ बाँडींच्या पद्धतीने. एकसारखी घड्याळे घेतलेले दोन निरीक्षक भेटतात, शून्य लावतात आणि एकमेकांपासून दूर जातात. पहिल्याने ज्या वेळी प्रकाशाचा झोत सोडला, त्याच्या 'ग' पट वेळी तो दुसऱ्याच्या घड्याळात पोचतो. परतीलाही तोच ग, कारण दोघांचा दर्जा एक. दूरच्या घटनेवरून झोत परतवला की पाठवल्याची वेळ दुसऱ्याकडे ग पट होते आणि परतल्याची वेळ ग ने भागली जाते. दोन्ही वेळांची सरासरी म्हणजे घटनेची वेळ. फरकाचा निम्मा भाग गुणिले प्रकाशवेग म्हणजे अंतर. बेरीज-वजाबाकी केली की लॉरेंट्झ हजर. यात क निवडायची वेळच येत नाही. कारण निरोप्या प्रकाशच आहे.